जुलैत ठरलेली शिंक

ऑक्टोबर लागला की तोक्योच्या निशिकासाईतल्या आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन विषय सुरू होतात. चकलीची भाजणी कुणाकडे शिल्लक आहे, आणि पुढच्या वसंतात पराग किती असणार. पहिला विषय दिवाळीबरोबर संपतो. दुसरा मेपर्यंत पुरतो.

जपानमधल्या हवामान संस्था पुढच्या वसंतातल्या परागांचा पहिला अंदाज ऑक्टोबरातच जाहीर करतात. अमुक भागात नेहमीच्या दीडपट, तमुक भागात गेल्या वर्षीच्या निम्मे, असा रंगवलेला नकाशा येतो. इथे नव्याने आलेल्या माणसाला हे थोतांड वाटतं. उद्या पाऊस पडेल की नाही ते धड सांगता येत नाही, आणि हे चार महिन्यांनी हवेत काय उडणार ते सांगतात! पण यात भविष्य कमीच आहे. ऑक्टोबरात झाडांच्या फांद्यांच्या टोकांना सगळा माल तयार असतो. आणि तो किती असणार हे त्याच्याही आधी, जुलैच्या उन्हात ठरून गेलेलं असतं.

झाडाचं नाव सुगी. (आपल्या सुगीशी संबंध नाही, पीक मात्र जोरात येतं.) बाहेर त्याला जपानी सीडर म्हणतात, पण ते देवदाराच्या घरातलं नाही, सायप्रसच्या कुळातलं आहे. सरळसोट, उंच, लालसर सालीचं. देखणं झाड आहे, त्याबद्दल वाद नाही. तोक्योच्या उत्तरेकडच्या निक्कोला सतराव्या शतकात लावलेले सुगी जुन्या रस्त्यांच्या दुतर्फा उभे आहेत, सगळे रस्ते मिळून जवळजवळ ३५ किलोमीटर. त्या सावलीतून एकदा चाललं की या झाडावर राग धरणं अवघड जातं. गंमत अशी की सुगीच्या परागांमुळे माणसं आजारी पडतात, ही पहिली वैद्यकीय नोंदही निक्कोचीच. तिथे काम करणाऱ्या साइतो योझो नावाच्या डॉक्टरांना दर वसंतात ठरावीक दिवसांत शिंकणारे, डोळे चोळणारे रुग्ण दिसू लागले आणि १९६४ साली त्यांचा निबंध छापून आला. २०१९ साली कान-नाक-घशाचे डॉक्टर आणि त्यांचे कुटुंबीय यांची देशभर पाहणी झाली, तेव्हा सुगीचा त्रास असलेल्यांचं प्रमाण ३८.८ टक्के निघालं. म्हणजे पाच माणसांत जवळजवळ दोन. या आजाराला इथे काफुन्शो म्हणतात, आणि फेब्रुवारीत ‘कसे आहात?’ऐवजी ‘सुरू झालं का तुमचं?’ असंच विचारतात.

तर जुलै. सुगीची नरफुलं जुलैच्या सुमाराला धरायला लागतात. त्या दिवसांत कडक ऊन असेल, पारा चढलेला असेल आणि पाऊस कमी असेल, तर फुलं भरघोस धरतात. गार, ढगाळ, ओला जुलै गेला तर थोडी. ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत फुलाच्या आत पराग तयार होतो आणि मग झाड थंडीभर गप्प बसतं. एकेक नरफूल म्हणजे ५ ते ८ मिलिमीटर लांबीचा पिवळट-तपकिरी दाणा. असे दाणे फांदीच्या टोकाला घोसाने लटकलेले असतात आणि एकेकात काही लाख परागकण ठासून भरलेले असतात. हिवाळ्यात तोक्योच्या पश्चिमेकडच्या ओकुतामाच्या डोंगरांकडे फिरायला गेलं की दुरूनही कळतं. ज्या झाडांचे शेंडे हिरवे न दिसता गंजल्यासारखे तांबूस दिसतात, ती लदलेली झाडं.

या जुलैच्या गणिताची दोन सालं मला फार आवडतात. १९९१ साली फिलिपिन्समधला पिनातुबो ज्वालामुखी फुटला आणि पृथ्वीभर तापमान काही काळ थोडं उतरलं. १९९३ चा जपानमधला उन्हाळा तर इतका गार आणि पावसाळी गेला की भाताचं पीक बसलं आणि सरकारला थायलंडहून तांदूळ आणावा लागला. त्या तांदळाला लोकांनी किती नाकं मुरडली, याच्या कथा इथले म्हातारे अजून सांगतात. पण त्याच गार उन्हाळ्याने सुगीची फुलंही मारली, आणि १९९४ चा वसंत नाकांना विलक्षण सुखाचा गेला. ताटात परका भात आणि हवेत पराग नाही! पुढे १९९४ चा उन्हाळा भाजून काढणारा निघाला. भात उत्तम आला. आणि १९९५ च्या वसंतात परागांचा असा लोट आला की त्याची आठवण अजून निघते.

दरवर्षी मात्र इतकं सरळ नसतं. एका वर्षी फुलून दमलेलं झाड पुढच्या वर्षी बहुधा हात आखडतं, मग उन्हाळा कितीही तापो. इथे त्याला पुढचं वर्ष आणि पाठचं वर्ष म्हणतात, ओमोते-दोशी आणि उरा-दोशी. मला हे समजायला वेळ लागला नाही, कारण चिपळूणला मामाच्या हापूसच्या कलमांचं हेच चालतं. एक वर्ष लगडलेलं, एक वर्ष रुसलेलं. मामाही डिसेंबरात थंडी कधी पडते याकडे डोळे लावून बसतो, कारण थंडी पडल्याशिवाय मोहर फुटत नाही. फरक असा, की एका संप्रेरकाच्या बाबतीत ही दोन झाडं अगदी उलट वागतात. आंब्याला जिबरेलिन नावाचं संप्रेरक मोहरू देत नाही, म्हणून कोकणात झाडाच्या बुंध्याशी कल्टार नावाचं औषध घालून ते दाबतात. सुगीवर तेच जिबरेलिन फवारलं तर नरफुलं उसळून येतात. इथल्या संशोधन केंद्रांत प्रयोगासाठी पराग हवा असला की तसं करतातही. मामाला फोनवर हे सांगितलं तर म्हणाला, “म्हणजे तुमच्याकडच्या झाडांना कल्टार घाला की!” लाखो हेक्टर डोंगरांना कोण घालणार, हा प्रश्न त्याने सोडून दिला.

किती, हे जुलै ठरवतो. कधी, हे हिवाळा ठरवतो, आणि तेही दोन टप्प्यांत. आधी झाडाला पुरेशी थंडी लागते; ती मिळाली की त्याची झोप मोडते. त्यानंतर ऊब साठत जावी लागते. लोकांनी याचा एक ढोबळ आडाखा बांधला आहे: १ जानेवारीपासून रोजच्या कमाल तापमानाची बेरीज करत राहायची, ती ४०० अंशांच्या आसपास पोचली की तोक्योत सुगी फुटतो. जानेवारीत इथलं सरासरी कमाल तापमान १० अंशांच्या जवळपास असतं, म्हणजे महिनाअखेर ३१० होतात. उरलेल्या ९० ला फेब्रुवारीचे नऊ-दहा दिवस. हिशोब १० फेब्रुवारीच्या आगेमागे येतो आणि बहुतेक वर्षी गाडी तिथेच कुठेतरी लागते. साकुरासाठीही, म्हणजे चेरीच्या बहरासाठीही, असाच आडाखा आहे, १ फेब्रुवारीपासून ६०० अंशांचा. साकुराचा हिशोब लोक आनंदाने करतात. सुगीचा हिशोब औषधाच्या दुकानात रांग लागायच्या आत गोळ्या आणण्यासाठी करतात. त्रास सुरू होण्याआधीच गोळी सुरू करावी असं इथले डॉक्टर सांगतात, त्यामुळे ही बेरीज निव्वळ हौसेची नाही.

मोसम सुरू झाला हे जाहीर करण्याची रीत मात्र इतकी साधी आहे की मला तिचं कौतुक वाटतं. दोन गोल तबकड्या एकावर एक, थोडं अंतर ठेवून बसवलेल्या. मध्ये व्हॅसलिन लावलेली काचपट्टी. वरच्या तबकडीमुळे पाऊस थेट पडत नाही. पट्टी दिवसभर हवेत ठेवायची, दुसऱ्या दिवशी काढून रंग टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली कण मोजायचे. माणसाने, डोळ्यांनी. रंगवलेला सुगीचा कण गोल दिसतो आणि त्याला एका बाजूला छोटंसं वाकडं टोक असतं, त्यावरून तो ओळखू येतो. सलग दोन दिवस चौरस सेंटिमीटरला निदान एक कण मिळाला, तर त्यातल्या पहिल्या दिवशी मोसम लागला असं धरतात. ३० च्या वर गेलं की ‘जास्त’, ५० च्या वर ‘फार जास्त’. ऐन भरात एका दिवसाचा आकडा शेकड्यांत जातो. आता लेझरवर चालणारी, तासातासाला आकडे देणारी यंत्रंही आहेत. पण मोसम लागल्याची घोषणा अजूनही पुष्कळ ठिकाणी व्हॅसलिनच्या पट्टीवरूनच होते.

एकदा मोसम लागला की मग रोजच्या हवेचा खेळ. आणि इथे ‘चांगली हवा’ या कल्पनेचीच उलटापालट होते. स्वच्छ ऊन, कोरडी हवा, खेळता वारा, वर चढलेला पारा, म्हणजे ज्या दिवशी माणसाने डबा घेऊन बागेत जावं, तो दिवस सर्वांत वाईट. हवा कोरडी पडली की परागाच्या पिशव्या आक्रसतात आणि फुटतात. वाऱ्याचा झोत आला की झाडातून पिवळा धूर निघतो. दर वर्षी टीव्हीवर तेच दृश्य दाखवतात: डोंगरावरचं सुगीचं रान हलतं आणि ढगच्या ढग सुटतात. ते नुसतं बघून शिंक येते, हे मी अतिशयोक्तीने म्हणत नाही.

पाऊस पडतो त्या दिवशी मात्र सगळी शांतता. पिशव्या उघडत नाहीत, हवेतले कण धुऊन जातात, आणि मी मास्क खिशात घालून ऑफिसला जाते. लोक छत्रीखाली कुरकुरत असतात आणि मला गाणं म्हणावंसं वाटतं. त्याची भरपाई दुसऱ्या दिवशी होते. पावसाने अडकवलेला माल झाडावर तसाच असतो. पाऊस सरून ऊन पडलं आणि वारा सुटला की दोन दिवसांचं एकदम बाहेर येतं. जपानच्या समुद्रावर कमी दाबाचा पट्टा सरकला की दक्षिणेकडून उबदार, भणाणता वारा येतो. फेब्रुवारी-मार्चमधल्या अशा पहिल्या जोरदार वाऱ्याला इथे हारु-इचिबान म्हणतात, वसंताचा पहिला वारा, आणि त्याची हवामान खात्यातर्फे रीतसर घोषणा होते. कवितेत तो फार छान असतो.

आमचं निशिकासाई तोक्योच्या पूर्वेला, खाडीच्या काठाला. सुगीची रानं पश्चिमेला, ओमे-ओकुतामाच्या डोंगरात, पन्नास-साठ किलोमीटरवर. इतक्या लांबून काय येणार, असं वाटतं. पण कण ३० मायक्रॉनचा. वारा नसेल तर तो सेकंदाला जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरने खाली येतो. शंभर मीटर उंचीवरून जमिनीला टेकायला त्याला तास लागतो, आणि तेवढ्या वेळात सेकंदाला पाच मीटरचा साधा वारा त्याला अठरा किलोमीटर पुढे नेऊन सोडतो. त्यात दुपारी तापलेली जमीन हवा वर ढकलत असते, म्हणजे तो आणखी उंच जातो. मग पन्नास किलोमीटर काहीच नाहीत.

या प्रवासामुळेच शहरात दिवसातून दोनदा भरती येते. सकाळी दहाच्या सुमाराला डोंगरातली फुलं उघडतात, तो माल दुपारच्या आसपास शहरात पोचतो. ही पहिली. तापलेल्या हवेबरोबर वर गेलेले कण सूर्य मावळल्यावर हवा निवली की खाली बसू लागतात, त्यात दिवसभर रस्त्यावर पडलेले कण गाड्यांनी पुन्हा उडवलेले असतात. ही दुसरी, नेमकी ऑफिस सुटायच्या वेळी. निशिकासाई स्टेशनच्या जिन्याशी संध्याकाळी साडेसहाला उभं राहून बघावं: चष्मे, मास्क, आणि दर चार पावलांना एक दबलेली शिंक. डांबर, काच, सिमेंट यांवर पडलेला कण रुजत नाही की कुजत नाही, वाऱ्याबरोबर पुन्हा उठतो. गावातल्या मातीत तो जिरून तरी जातो.

एका मार्चमध्ये आई राहायला आली होती. आठवडाभराच्या मळभानंतर लख्ख ऊन पडलेलं पाहून तिने सकाळीच गाद्या, रजया, उशा, सगळं उचलून बाल्कनीच्या कठड्यावर टाकलं. मी अंघोळीहून आले तर ती हातात झाडू उलटा धरून रजई बदडत होती.

“आई, आत घे सगळं!”

“अगं, किती दिवसांनी ऊन आलंय. कोंदट वास मारतायत गाद्या.”

“शेजारी बघ. कुणाची तरी गादी बाहेर दिसते का?”

तिने खरंच वाकून बघितलं. एरवी रविवारी समोरच्या इमारतीच्या प्रत्येक कठड्यावर फुतोन लटकत असतात. त्या दिवशी एकही नव्हता. कपडेसुद्धा सगळ्यांचे आत. “एवढं ऊन वाया घालवतात ही माणसं,” ती म्हणाली, आणि रजई आत आणताना मी तिच्या काळ्या शालीवर बोट फिरवून दाखवलं. बोटाला पिवळी पूड लागली होती. हळदीएवढी नाही, फिकट. तिने वास घेऊन बघितला, अर्थात. तिला काहीच झालं नाही. पहिल्या वसंतात सहसा होत नाही. शरीराला त्या परागाची ओळख पटायला वर्षं जातात. आमच्यातल्या बहुतेकांना तीन-चार वसंत झाल्यावर सुरू झालं. तोवर प्रत्येक जण म्हणत असतो की आपण भारतातली धूळ खाऊन वाढलोय, आपल्याला काय होणार.

पिवळ्या पुडीने एकदा इथे माणसांची झोप उडवली होती. २०१० चा उन्हाळा विक्रमी तापला होता, म्हणजे २०११ च्या वसंतात पराग भरपूर असणार हे ठरलेलंच होतं. त्या ११ मार्चला भूकंप आणि त्सुनामी आली, फुकुशिमाचा अणुप्रकल्प फुटला. आणि त्याच महिन्यात पाऊस पडून गेल्यावर तोक्योच्या आसपास डबक्यांच्या कडेला पिवळी रेघ दिसू लागली. लोकांनी घाबरून हवामान खात्याला फोनवर फोन केले. तो परागच होता. पण तेव्हा घरात लहान मूल असलेल्या आईला ‘घाबरू नका, फक्त पराग आहे’ हे सांगणारा आवाज किती पटला असेल, मला शंका आहे.

साकुराच्या दिवसांत मास्क लावून झाडाखाली बसलेली माणसं पाहून भारतातून आलेल्या पाहुण्यांना वाटतं, या फुलांचाच त्रास. बिचारा साकुरा निर्दोष आहे. त्याचा पराग जड, चिकट, किड्यांच्या पायांनी जाणारा. ज्याला किड्यांची किंवा पाखरांची मदत घ्यायची असते त्याला रंग, मध, वास असा खर्च करावा लागतो. वाऱ्यावर भिस्त ठेवणाऱ्याला दुसरा खर्च येतो, बेहिशोबी कण सोडण्याचा. आपल्याकडची बहुतेक नजरेत भरणारी झाडं पहिल्या जातीची आहेत: पळस, पांगारा, सावर, बहावा. पण पुण्यात रस्त्याकडेला उभा असतो तो वावळ दुसऱ्या जातीचा. जानेवारी-फेब्रुवारीत पानं झडलेल्या फांद्यांवर त्याची बारीक, हिरवट-तपकिरी फुलं येतात. कुणाचं लक्ष जात नाही, कारण त्यांना कुणाचं लक्ष नकोच असतं. पुढे चपट्या पापड्या उडायला लागल्या की मग झाड दिसतं. त्या दिवसांत पुण्यात किती जणांच्या शिंका ‘हवा बदलली’ या खात्यावर लिहिल्या जातात, हे कुणीतरी बघायला हवं.

हवेला दोष देऊन मोकळं होणं मला पटत नाही, ते यासाठी. जुलै तापला तरी डोंगरावर दहा झाडं असती तर काय झालं असतं? युद्धात आणि युद्धानंतर जपानचे डोंगर लाकडासाठी बोडके झाले, पूर आले, दरडी कोसळल्या. मग १९५० च्या दशकापासून सरकारने झपाट्याने लागवड केली. लवकर आणि सरळ वाढणारा, घरबांधणीला उपयोगी म्हणून सुगी, आणि त्याच्या जोडीला हिनोकी हे त्याच कुळातलं झाड. जुनी मिश्र रानं तोडूनही हीच झाडं लावली. १९६४ मध्ये लाकडाची आयात खुली झाली, परदेशी लाकूड स्वस्त पडू लागलं, आणि डोंगरावरची झाडं तोडणं परवडेना. ती तशीच उभी राहिली. सुगी पंचविशी-तिशी ओलांडला की भरपूर फुलतो. आज देशात सुमारे ४४ लाख हेक्टरवर लावलेला सुगी आहे, बहुतेक भर वयातला. ऑक्टोबरचा अंदाज करणाऱ्यांना म्हणूनच एवढं सोपं जातं: एकाच जातीची, जवळपास एकाच वयाची झाडं, एका उन्हाळ्याला एकसारखं उत्तर देतात. ओकिनावात सुगी जवळजवळ नाही, तिथला जुलै कितीही तापला तरी कुणाला काही नसतं. पैसेवाले लोक मार्चमध्ये तिकडे पळतात.

२०२२ च्या जूनअखेरीस तोक्योत सलग नऊ दिवस पारा ३५ च्या वर होता. २०२३ च्या वसंतात व्हायचं तेच झालं, आणि बहुधा त्या शिंकांचाच जोर म्हणून त्या मे महिन्यात सरकारने आराखडा मंजूर केला: दहा वर्षांत सुगीची लागवड वीस टक्क्यांनी कमी करायची, तीस वर्षांत पराग निम्म्यावर आणायचा. तीस वर्षांत जुलै किती तापलेले असतील, याचं उत्तर आराखड्यात शोधण्यात अर्थ नाही.

तोडलेल्या जागी नवी रोपं लागतायत, हे खरं. १९९२ साली तोयामात एका देवळाच्या आवारात पराग अजिबात न देणारा सुगी सापडला, त्याच्यावरून नव्या जाती तयार झाल्या आहेत, शिवाय कमी पराग देणाऱ्या जातीही आहेत. गेल्या हिवाळ्यात ओमेच्या वरच्या अंगाला एक उतार असा नुकताच मोकळा झालेला पाहिला. बुंध्यांच्या ओळी, आणि मधे गुडघ्याएवढी रोपं, प्रत्येक रोपाभोवती प्लास्टिकची उंच नळी. तिथे काम करणाऱ्या आजोबांना विचारलं, हा कमी परागाचा का? हो म्हणाले. मग मी माझी जुलैची हुशारी पाजळली, की उन्हाळे असे तापत राहिले तर कमी परागाचाही जास्त होईल का? त्यांनी एक उपटलेली, रिकामी नळी उचलून दाखवली. रोपाचा फक्त देठ उरला होता. “उन्हाचं नंतर बघू,” म्हणाले, “आधी हरणांच्या तोंडातून वाचलं पाहिजे.”